ऊन कसं होतं, सांग

चंद्रपूरच्या उन्हाची आठवण काढून रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी ती बाई. आमच्याकडे एप्रिल लागला की कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाही, माणसं खिशात कांदा घालून फिरतात, आणि टीव्हीवाले आमच्या जिल्ह्याचं नाव घेतात ते फक्त तापमान सांगायला. या उन्हाला शिव्या द्यायची आमची पिढीजात सवय. मीही पोटभर दिल्या. आता दुपारी ओसरीत पडदा ओढून बसते. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर येते. तिच्यापर्यंत पायाचा अंगठा सरकवावासा वाटतो. सरकवत नाही.

मी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवरची सफारी गाईड. "आहे" लिहू की "होते" लिहू, यावर पेन बराच वेळ थांबलं, म्हणून दोन्ही गाळलं. माझा नवरा दिलीप जिप्सी चालवतो. आमच्या गावातल्या बाया या कामात आल्या, त्यातली मी पहिल्या खेपेची. पर्यटकांपुढे बोलून बोलून माझी भाषा जरा पुस्तकी झाली आहे, लिहितानाही तीच येते. घरात आम्ही मले-तुलेच बोलतो.

लिहायचं कारण सांगते. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक बाई होती, राजक्का. तिलाही माझाच आजार, त्याचं नाव पुढे येईल. ती रोज मला विचारायची, "बाई, हे बरं होते का?" मला काही सांगता यायचं नाही, कारण मलाच काही माहीत नव्हतं. आता थोडं माहीत आहे. राजक्कासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी लिहिते.

बिब्बा

माझी माय जंगलाकाठच्या गावात राहते, मोहर्लीहून फार लांब नाही. हिवाळ्यात ती बिब्बे फोडते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, बिब्ब्याच्या बीत गोडंबी असते, ती लाडवात घालतात, बाजारात चांगली जाते. पण बी फोडताना काळं तेल उडतं. ते अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, सुजते, पाणी सुटतं. त्याला आम्ही "बिब्बा उतला" म्हणतो. माय हाताला राख चोळून बसते, तरी तिच्या मनगटांवर काळे डाग कायमचे.

त्या हिवाळ्यात मी मायकडे राहायला गेले. ती फोडत होती, मी बाजूला बसून गप्पा मारत होते. परत आले आणि थोड्याच दिवसांत नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला.

"बिब्बा उतला तुले," माय म्हणाली. "म्हटलं होतं ना, दूर बस. आयकते कोण माहं?"

तीळ वाटून लावले. खोबरेल तेल लावलं. चट्टा जरा उतरायचा, सफारीला गेले की पुन्हा भडकायचा. मी म्हणायची, घामानं चिडला. गावात प्रत्येकाला बिब्ब्याबद्दल मत असतं. कोणी म्हणालं, एकदा उतला की मग झाडाखालून गेलं तरी उतते. झालं, आमच्या रस्त्यावर एका वळणाला बिब्ब्याचं मोठं झाड आहे, तिथून दिलीप जिप्सी सुसाट काढायला लागला. मागचे पर्यटक कॅमेरे काढून उभे राहायचे, त्यांना वाटायचं ड्रायव्हरला वाघ दिसला.

बिब्बा उतला तर पंधरा-वीस दिवसांत जातो. माझा गेला नाही. होळी झाली, मोहफुलं वेचून झाली, तरी गाल तसेच. सकाळी बोटं वळेनात. दुर्बिणीचं चाक फिरवायचं तर डोळ्यात पाणी. केस विंचरले की फणीत झुपका. संध्याकाळी अंग तापायचं, आणि आमच्याकडे ताप म्हणजे आधी हिवताप. बोटातून रक्त घेतलं, काचेवर लावलं, काही निघालं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा नाही. तरी मी गेटवर जात राहिले. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो, अशा वेळी गाईड घरी कशी बसेल?

शेवटी पाय सुजले. एका संध्याकाळी दिलीपने माझ्या पोटरीवर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तो त्या खड्ड्याकडे पाहत राहिला.

"हे बिब्ब्याचं काम नाई," तो म्हणाला. "सकाळी गाडीत बस. काऊन म्हणून विचारू नको."

पेन खाली ठेवलं तो दिवस

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. चष्मा डोक्यावर ढकलायची त्यांना सवय, मग तोच चष्मा टेबलावर शोधायच्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, हात पाहिले, तोंड उघडायला लावलं. टाळूवर फोड होते. ते दुखत नव्हते, म्हणून मला पत्ताच नव्हता.

"काम काय करता?"

"जंगलात गाईड आहे, मॅडम."

"म्हणजे दिवसभर उन्हात?"

"हो. उघड्या जिप्सीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चितळ चरता चरता मान वर करतं ना, तेवढ्यावरून मला पुढचं कळतं. ते पेन खाली ठेवलं तेव्हाही कळलं.

रिपोर्ट आले. ल्युपस. मॅडमनी सांगितलं, या शब्दाचा मूळ अर्थ लांडगा. दिलीप म्हणाला, "जलमभर वाघाजवळ राह्यली आन् पकडलं लांडग्यानं." मॅडम हसल्या, मीही हसले. मग त्या म्हणाल्या, आजार किडनीवर आला आहे, आजच भरती व्हा. आणि ऊन बंद.

किडनी, भरती, हे शब्द माझ्या कानावरून गेले. ऊन बंद हे मात्र आत बसलं.

"किती दिवस बंद?"

"ऊन आता नेहमीच टाळायचं."

"मग माझा नंबर?"

मॅडमना कळलं नाही. दिलीपला कळलं. तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

अकरा नंबर

आमच्या गेटवर गाईडचे नंबर पाळीने लागतात. पहाटे, अजून उजाडायचं असतं, आम्ही गेटजवळ जमतो. नंबर पुकारला की "हाव" म्हणायचं आणि पुढ्यातल्या जिप्सीत चढायचं. माझा नंबर अकरा. तिथे मला कोणी कोणाची बायको म्हणायचं नाही, कोणाची सून म्हणायचं नाही. "अकरा नंबर आली का?" एवढंच. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्यावर बोलणारे गावात पुष्कळ आहेत, पण गेटवर त्यांचं काही चालायचं नाही.

हिवाळ्याच्या सकाळी तर विचारू नका. उघडी जिप्सी, वारा हाडांत शिरतो, पर्यटक शालीत गुंडाळून बसलेले, कोणाला वाघही नको असतो, फक्त चहा हवा असतो. मग गाडी तळ्याच्या वळणावर येते. पलीकडच्या काठावर अर्जुनाचं उंच झाड आहे. पाण्यावरून धुकं उठत असतं. ऊन आधी त्या अर्जुनाच्या शेंड्यावर येतं, मग खोडावर, मग पाण्यावर, आणि गाडी वळली की आपल्या गुडघ्यांवर. त्या वेळी जिप्सीत कोणी बोलत नाही. मोठे साहेब असोत की रडणारं पोट्टं असो, सगळे गुडघ्याकडे बघत गप्प बसतात. दवाखान्यात मला वाघ एकदाही आठवला नाही. ते गुडघ्यावरचं ऊन आठवायचं.

खाटेवर

दवाखान्यातला दिवस लघवीने सुरू होतो. ती डब्यात जमा करायची, एक थेंब सांडू द्यायचा नाही. मग रक्त. मग सलाईनमधून औषध, ते सुरू झालं की तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. मग डॉक्टरांचा घोळका येतो. तो तुमच्याबद्दल तुमच्यासमोर इंग्रजीत बोलतो आणि निघून जातो. आमच्या मॅडम तेवढ्या मागे थांबायच्या.

माझी खाट आधी खिडकीजवळ होती. सकाळचं ऊन थेट चादरीवर. नर्स बाईंनी पाहिलं आणि खाट भिंतीकडे सरकवून घेतली. बरोबरच केलं त्यांनी. मी मात्र दिवसभर तोंड फिरवून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी मला खिडकीबाहेरची कबुतरं दिसतील एवढी उशी उंच करून दिली. कबुतर हा पक्षी मला आयुष्यात कधी आवडला नव्हता. त्या दिवसांत आवडला.

मग माय आली. हातात डबा, डोळे सुजलेले. माझ्या खाटेला तिने हात लावला नाही. दूर उभी राहिली.

"माह्या हातानं झालं," ती म्हणाली. "सारे बिब्बे नाल्यात फेकून आली. आता जलमात फोडत नाई."

"अवं माय, तसं नाई."

"तू नको सांगू. मले मालूम आहे."

राजक्काने तिला आपल्या खाटेवर बसवलं, पाणी दिलं. माय हात साडीला पुसत राहिली, पुन्हा पुन्हा. त्या बाईने अख्खं आयुष्य त्या हातांनी आम्हाला वाढवलं, आणि आता ते हात कुठे ठेवावे हे तिला कळत नव्हतं. मला माझ्या आजारापेक्षा ते जास्त लागलं.

वानर

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी म्हटलं, माझ्या मायला सांगा. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

"मावशी, आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. त्यांना जे सापडेल त्याचा त्या तुकडा उचलतात. तो घेऊन जवळच्या गाठीत जातात, काखेत, मानेत गाठी असतात ना, तिथे. तिथल्या सैनिक पेशींना तो तुकडा दाखवतात. हे सैनिक स्वतः शोधायला जात नाहीत. त्यांना जे दाखवलं जातं तेवढंच त्यांना कळतं."

"म्हणजे कॉल," मी म्हटलं.

"कसला कॉल?"

मी सांगितलं. वाघ निघाला की झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडतं. खालच्या चितळाने वाघ पाहिलेला नसतो, तरी ते पळतं. आम्ही गाईडही खरं तर वाघ शोधत नाही, कॉल शोधतो.

मॅडमना हे पटलं. "बरंचसं तसंच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नुसता तुकडा दाखवला तर सैनिक हलत नाहीत. आपल्याच शरीराचे तुकडे त्यांना रोज दाखवले जातात, ते बघतात आणि बसून राहतात. दाखवणाऱ्याने सोबत घाबरल्याची खूण केली, तरच ते उठतात. तुमच्या बाबतीत उन्हाने कातडीच्या पेशी मरतात आणि त्यांचा कचरा वेळेवर उचलला जात नाही. पहारेकरी त्यातला तुकडा उचलतो आणि घाबरून दाखवतो. तुकडा तुमचाच असतो. पण सैनिक उठतात, त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात, त्याच्याविरुद्ध शस्त्रं तयार करवतात. ती शस्त्रं रक्तातून फिरतात आणि किडनीत जाऊन अडकतात."

"आन् बिब्बा?" मायने विचारलं. तिला तेवढंच हवं होतं.

"बिब्ब्यात कामाला हेच पहारेकरी लागतात, मावशी. तेल कातडीला चिकटतं, मग आपलीच कातडी परकी दिसायला लागते. पहारेकरी तिचा तुकडा दाखवतो, सैनिक येऊन कातडी भाजतात. पण तेल गेलं की भांडण मिटतं. हिच्या अंगाला काही चिकटलेलंच नाही. म्हणून मिटत नाही. तुम्ही बिब्बे फोडले नसते तरी हे झालं असतं."

मायने हात साडीला पुसणं थांबवलं. मग म्हणाली, "म्हणजे हिच्यातलं वानर बह्याड झालं."

"हो. वेड्यासारखं घरच्यांनाच वाघ समजतंय."

"मंग त्याचं तोंड बांधून टाका ना, बाई."

"पूर्ण बांधलं तर खरा वाघ आल्यावर सांगेल कोण? म्हणून औषधाने त्याचा आवाज कमी करायचा. फार कमी केला तर साधा खोकलाही महाग पडतो, म्हणून तोंडाला कापड बांधून राहायचं, ताप आला तर लगेच यायचं."

मी विचारलं, हे मलाच का. मॅडम म्हणाल्या, पहारेकरी ज्या हातांत धरून तुकडा दाखवतात ते हात प्रत्येकाचे जन्मापासून वेगळे असतात. काहींच्या हातांत आपलेच तुकडे जरा जास्त घट्ट बसतात. त्यावर इतर कारणं जमत जातात. "बाकीचं आम्हालाही नीट कळलेलं नाही," असं त्या सरळ म्हणाल्या, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

जाता जाता मी विचारलं, "मॅडम, थोडंसं ऊन? सकाळचं?"

"ऊन नको. ऊब चालेल. उबेशी तुमचं काही वाकडं नाही. न दिसणारे किरण वाईट, ते ढगातूनही येतात."

त्यांनी सहज म्हटलं होतं. ऊब चालेल, एवढं मी धरून ठेवलं. आणि माय उठली, माझ्या खाटेजवळ आली, डबा उघडला आणि स्वतःच्या हाताने मला भात भरवला.

घरी

घरी आले ती दुसरीच बाई होऊन. स्टेरॉइडने तोंड भाकरीसारखं फुगलं. भूक अशी की चुलीवरचं उतरायच्या आत अर्धं संपायचं. एक गोळी रोजची, ती आमच्याकडे हिवतापावर देत त्याच जातीची. त्यामुळे गावात ठरून गेलं की मला हिवताप आहे आणि डॉक्टर उगाच मोठं नाव सांगतात. एक बाई मला म्हणाली, "आमच्या बुढ्यानं त्या गोळ्या सोडल्या तवाच बरा झाला." तिचं ऐकून दोन दिवस गोळी सोडायचा मोह मलाही झाला. वाचणाऱ्यांनो, सोडू नका. बरं वाटतं ते गोळीमुळेच वाटत असतं. गोळी डोळ्यांवर येऊ शकते म्हणून वर्षाला डोळे तपासून घ्या, आणि लघवीला फेस आला तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

दिलीपने ओसरीला जाड पडदे लावले. मला छत्री आणून दिली, पूर्ण बाह्यांचे कपडे शिवून आणले. त्याने काही कमी केलं नाही. पण संध्याकाळी परत आला की त्याच्या अंगाला जंगलाचा वास यायचा, वाळलेल्या पानांचा, धुळीचा, आणि माझा जीव कासावीस व्हायचा.

"आज का दिसलं?"

"काहीच नाई."

रोज काहीच नाही. मला वाटलं, असतील खराब दिवस. मग एकदा शेजारीण म्हणाली, काय वं, तुझ्या नवऱ्याच्या गाडीपुढून वाघीण पिल्लं घेऊन गेली म्हणे. त्या संध्याकाळी मी त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही.

"तुमी माह्यावर दया करून राह्यले का?"

"तू रडते म्हणून नाई सांगत."

"रडू द्या ना. माहं रडणं तुमच्या डोळ्यातून जाते का?"

तो दारात बसला. डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "मलेच सांगवत नाई. तू बाजूले नाई तं मले पाह्यल्यासारखं नाई वाटत."

मी चहा ठेवला. त्या दिवसापासून तो सांगायला लागला, पण त्याचं सांगणं म्हणजे, "वाघ होता. बसला होता. उठून गेला." त्याला रस्ता दिसतो, खड्डे दिसतात. बाकी सगळं मी बघायची.

मंगला

पावसाळ्यात आतलं जंगल बंद असतं, ऑक्टोबरला उघडतं. सप्टेंबरात गेटवर नंबर लावणारे दोघे घरी आले. चांगली माणसं, चहा पिऊन झाला तरी विषयाला हात घालेनात. शेवटी एक म्हणाला, "ताई, नंबर रिकामा ठेवता येत नाई. तुमी येत असाल तं ठीक. नाई तं घरातलंच कोणी." आणि त्याने कोपऱ्यात बसलेल्या मंगलाकडे पाहिलं.

मंगला माझी नणंद, दिलीपची धाकटी बहीण. गाईडचं प्रशिक्षण तिने केलं होतं, नंबर मिळायचा बाकी होता. तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "डॉक्टर मॅडमले विचारून सांगते." त्यानंतर कितीतरी दिवस मी मंगलाशी नीट बोलले नाही. तिची काही चूक नव्हती. तिच्या गालावर ऊन पडलं तर काही होत नव्हतं, हाच तिचा गुन्हा.

तपासणीला नागपूरला गेले तेव्हा मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि खुश झाल्या. किडनी शांत होत होती.

"मग ऑक्टोबरला जाऊ?"

"यंदा नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मला विचारा. तेव्हाही मी लगेच हो म्हणेन असं समजू नका." मग चष्मा शोधत म्हणाल्या, "तुमच्या सैनिकांना ते तुकडे आठवतात. विसरायला लावायचं औषध अजून नाही. आपण फक्त कॉल होऊ द्यायचा नाही."

परत येताना सगळ्या रस्त्याने दिलीपच्या उजव्या हातावर ऊन होतं. मी मागच्या सीटवर, काचेला टॉवेल लावून. त्या हाताकडे बघत मी ठरवलं.

घरी आल्यावर पेटीतून माझं खाकी जॅकेट काढलं. उजव्या कोपरावर मी लावलेलं ठिगळ आहे, बांबूने फाटलं होतं. मंगलाला हाक मारली.

"घे. हिवाळ्यात लागते. अकरा नंबर थंडीनं काकडते अशी कोणी बोलवा करायले नको."

ती रडायला लागली. म्हटलं, रडू नको, आधी शिकून घे. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी पडद्याआड बसायचो. गावाच्या कडेला जंगलच, तिथून आवाज यायचे. वानर ओरडलं की मी विचारायची, "कोणतं? मोठं का पिल्लू? एका जागेवरून ओरडते का फिरून राह्यलं?" पिल्लू कुत्र्यालाही ओरडतं. मोठं वानर एकदाच ओरडून पाला खायला लागलं तर सोडून द्यायचं. एकाच दिशेला बघत ओरडत राहिलं तर गाडी बंद करायची. आणि सांबर ओरडलं तर दुसरा विचार करायचा नाही, ते सहसा खोटं बोलत नाही. मंगला म्हणाली, "वैनी, तुमच्या अंगात एक सांबर पाह्यजे होतं." मी कितीतरी दिवसांनी मोकळी हसले.

"एक अट आहे," मी तिला म्हटलं. "परत आली की सारं सांगजो मले. दया नाई करायची."

गुडघ्यांवर

राजक्का, तू विचारायची ना, हे बरं होते का. बरं होत नाही गं. शांत होतं. माझं झालं आहे. बोटं वळतात, केस परत आले, तोंड पुन्हा माझं झालं. स्वयंपाक करते, भांडते, दिवस मावळला की बाहेर फिरते. पण जी गोष्ट गेली तिची आठवण शांत होत नाही, आणि त्याला गोळी नाही. कोणी तुला म्हणेल, जीव वाचला ना, मग ऊन काय घेऊन बसली. त्यांच्याशी वाद घालू नको. आठवण येऊ दे.

परवा कडाक्याची थंडी होती. मंगला पहाटेच गेली. सकाळ चढल्यावर तिच्या चपलांचा आवाज आला आणि ती पडदा बाजूला करून आत शिरली, मागून झटकन बंद केला, तिला आता सवय झाली आहे. गाल लाल, डोळे मोठे. धापा टाकत बोलायला लागली.

"वैनी, वाघ दिसला. सांबर वरडलं, मी गाडी बंद करायले लावली, लोकं म्हणे चला चला, मी म्हटलं थांबा. मंग निघाला ना बांबूतून, एवढा..."

"वाघ राहू दे," मी म्हटलं. "ऊन कसं होतं ते सांग."

ती थांबली. "ऊन?"

"हाव. तळ्याच्या वळणावर. पह्यलं कुठी आलं?"

मंगला खाली बसली. डोळे मिटून आठवायला लागली. "पाण्यापलीकडं अर्जुन आहे ना, त्याच्या शेंड्यावर. मंग खोडावर आलं. पाण्यावर धुकं होतं, त्याच्यात शिरलं. आमचे तं दात वाजून राह्यले होते, वैनी. मंग तुमच्या भावानं गाडी वळवली..."

"भाऊ तुहा. माहा नवरा."

"हाव, तेच. वळवली आन् गुडघ्यावर आलं."

"मंग?"

"मंग का. बसून राह्यलो. कोणीच बोललं नाई."

तिने जॅकेट काढलं आणि खिळ्याला अडकवायला उठली. मी हात पुढे केला. गेटवरून घरापर्यंत ती उन्हातून चालत आली होती. जॅकेट गरम होतं, पाठीकडून तर चांगलंच गरम. मॅडम म्हणाल्या होत्या, ऊब चालेल. मी ते दोन्ही गुडघ्यांवर पसरलं आणि गार होईपर्यंत तसंच ठेवलं.